‘आमचा साप जंगलातला नाही’ म्हणे!



आज पाककृती नाही, व्रताची माहितीही नाही. आज सापाबद्दल लिहिणार आहे आणि जरा कडकच लिहिणार आहे. नाक मुरडू नका, शेवटपर्यंत वाचा.

हल्ली आपल्या समाजात एक वाक्य वरचेवर ऐकू येतं. पुण्याला, मुंबईला, बेंगळुरूला शिकायला गेलेली आपली मुलं खोलीवर काचेच्या पेटीत साप पाळतात. आईला कळतं, ती घाबरून फोन करते, "अरे, जीव कोंडून ठेवलास?" पलीकडून उत्तर तयार असतं, "आई, हा जंगलातून पकडलेला नाही. ब्रीडरकडे जन्मलाय. त्याला जंगल माहीतच नाही." आई गप्प. आणि इकडे गावाकडे मांडूळ विकायला निघालेला माणूस तेच वाक्य आपल्या बोलीत सांगतो, "पकडल्यालं न्हाई वैनी, आमच्यातच पिल्लं झाल्यात."

दोन्हीकडे हेतू एकच, ऐकणाऱ्या बाईची टोचणी बंद करायची.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. एक, हे वाक्य बहुतेक वेळा कोणी तपासलेलं नसतं. दोन, आपल्या मातीतल्या सापाच्या बाबतीत ते खरं असलं तरी उपयोगाचं नाही. आणि तीन, परदेशी सापाच्या बाबतीत ते खरं निघालं, तरी आपला प्रश्न मिटत नाही. या तिन्ही गोष्टी एकेक करून बघू.

मुळाशी जाऊन विचारणं आपल्याला काही नवं नाही. बिस्किटाचा पुडा उलटा करून आपण बारीक अक्षरं वाचतो. जिलेटिन कशातून आलं, चांदीचा वर्ख कशात कुटला, रेशीम कसं काढलं, हे विचारणाऱ्या आपणच. आणि त्याही आधीची आपली रीत म्हणजे जिवाणी. पाणी गाळून झालं की गाळणं मोरीत झटकायचं नाही. ते उलटं धरून वरून गाळलेलं पाणी ओतायचं आणि गाळण्यात अडकलेले जीव ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत अलगद पोचवायचे. ओढ्याची जिवाणी विहिरीत नाही, विहिरीची ओढ्यात नाही. घरोघरी नळ आले आणि ही रीत बरीचशी मागे पडली, पण तिच्यातली शिकवण मागे पडायचं कारण नाही. जीव ज्याच्या हातात आला, तो कुठून आला हे लक्षात ठेवायची जबाबदारी त्याच्यावर.

डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवासाठी आपण एवढं करत आलो. मग चार फुटी सापासाठी दुकानदाराच्या एका वाक्यावर समाधान मानायचं?

आपल्या शिवारातला साप

बिद्रीच्या आजूबाजूला ऊस आहे, म्हणून उंदीर आहेत, आणि उंदीर आहेत म्हणून साप आहेत. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की तोडणीच्या फडात धामण दिसते, नाग दिसतो, घोणसही निघते. पावसाळ्यात गोठ्यात, लाकडांच्या ढिगात मण्यार. हे सगळे आपले शेजारी. धामण तर शेतकऱ्याची बिनपगारी राखणदार.

यातला कुठलाही साप कोणी ‘पाळीव’ म्हणून दाखवला, तर तो कुठला हे ओळखायला भिंग लागत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे साप असे धरायला, विकायला, हौसेने घरात ठेवायला मनाई आहे. या कायद्यात ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ नीट वाचण्यासारखा आहे. शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं, इतकंच काय, सरपटणाऱ्या प्राण्याची अंडी फोडणं किंवा हलवणं, हीसुद्धा शिकारच. वाचताना मला वाटलं, सरकारी कायद्यानेही हिंसेची व्याख्या मारण्यापुरती ठेवलेली नाही.

आणि ‘आमच्याकडेच जन्मला’ या सबबीचाही विचार त्यात झालेला आहे. कलम ३९ सांगतं की कायदा मोडून पाळलेला किंवा बंदिवासात पैदा केलेला वन्य प्राणी हा राज्य सरकारची मालमत्ता. म्हणजे नाग शेतात धरला की घरात उबवला, या फरकाने कोणाचीही सुटका होत नाही. हाच नियम पिंजऱ्यातल्या आपल्या हिरव्या पोपटालाही लागतो बरं का. तो ‘लहानपणापासून आमच्याकडे’ असतो, कारण त्याला लहानपणीच ढोलीतून काढलेलं असतं.

आता मांडूळ. हा गरीब बिनविषारी साप. शेपटी तोंडासारखी बोथट, म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. गुप्तधन मिळतं, दुर्धर आजार बरा होतो अशा अफवांवर त्याचं वजन करून भाव ठरतो आणि आपल्या महाराष्ट्रात त्याच्या तस्करीच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात. या मांडुळाबद्दल एक गोष्ट प्रत्येकीला माहीत हवी. मांडूळ अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतं. मग शेतातून गाभण मादी उचलून खोक्यात ठेवली की आठ-पंधरा दिवसांत खोक्यात पिल्लं होतात. विकणारा छातीवर हात ठेवून म्हणतो, "आमच्यातच जन्मल्यात." खोटं कुठे बोलला? पिल्लं घरातच जन्मली. पण आई बांधावरची, बापही बांधावरचाच.

‘घरात जन्मलेला’ आणि ‘घरात वाढलेल्या आईबापांपासून झालेला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळी फसवणूक या फटीतून चालते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे आफ्रिकेत गेल्यावरही ते लागणार आहे.

शिराळा आणि दारातली टोपली

सापाचा विषय निघाला की आपल्या भागात बत्तीस शिराळ्याचं नाव निघणारच. गोरक्षनाथांच्या कथेपासून चालत आलेली जिवंत नागाच्या पूजेची परंपरा, नागपंचमीच्या आधी शेताशेतांतून नाग धरायचे, गाडग्यात ठेवायचे, मिरवणूक काढायची. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जिवंत नाग धरण्यावर आणि त्यांच्या मिरवणुकीवर बंदी आणली. त्यावरचा वाद तिथे अजून मिटलेला नाही. बंदी योग्यच, असं माझं स्पष्ट मत आहे. बिळातून ओढून, गाडग्यात कोंडून, ढोल-ताशांत फिरवलेल्या जिवाला त्या पूजेचं काय सुख? पण एका गोष्टीचं श्रेय शिराळकरांना दिलं पाहिजे. आमचा नाग घरचा आहे, असं ते कधी म्हणाले नाहीत. तो शिवारातला आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि पूजा झाल्यावर तो शिवारात सोडायचा हेही ठरलेलं होतं. आजच्या काचेच्या पेटीवाल्यांकडे तेवढाही खरेपणा नाही.

टोपलीवाल्या गारुड्याचं मात्र तसं नाही. त्याचा नाग रानातलाच असतो, यात शंका घेऊ नका. तो डोलतो तो पुंगीच्या नादावर नव्हे, पुंगीच्या हालचालीवर. त्याचे दात बहुतेकदा मोडलेले असतात, कित्येकदा तोंडही शिवलेलं असतं. तो दूध पितो ते तहानेने, कारण त्याला कित्येक दिवस पाणीच दिलेलं नसतं. सापाचं शरीर दूध पचवायला बनलेलंच नाही. बशी रिकामी झाली म्हणून आपण हात जोडतो आणि तो जीव आतून मरत असतो.

इथे आपल्यातल्या दयाळू बायकांशी माझं भांडण आहे. "आम्ही पूजा नाही केली, आम्ही पैसे देऊन त्याला सोडवलं. जीवदया केली," असं अभिमानाने सांगणाऱ्या काकू मला माहीत आहेत. मन चांगलं आहे, प्रश्नच नाही. पण हिशोब बघा. पाचशे रुपये मिळाले की गारुड्याला कळतं, जैनांच्या गल्लीत साप दाखवला की पैसे मिळतात. कधी तो वळणावर जाऊन तोच नाग पुन्हा पुढच्या दारात काढतो. खरंच सोडला, तर उद्या दुसरा धरतो. ऊसतोडीच्या टोळीला हंगामाआधी उचल देतात ना, तशी ही पुढच्या नागासाठी दिलेली उचल आहे. शिवाय दात मोडलेला, तोंड शिवलेला नाग अनोळखी माळावर सोडला तर तो जगणार किती? जिवाणीत आपण कुठल्या विहिरीत सोडायचं ते बघत होतो. इथे तो प्रश्नच कोणी विचारत नाही.

मग करायचं काय? पैसे द्यायचे नाहीत, हळद-कुंकू वाहायचं नाही, दूध तर नाहीच. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. गारुड्याला शिव्या द्यायची गरज नाही. तोही पोटासाठीच फिरतो. भुकेला असेल तर त्याला भाकरी द्या. त्याच्या टोपलीला मात्र काही देऊ नका.

आणि कोणी म्हणेल, नाग तर आपल्या भगवान पार्श्वनाथांच्या मस्तकावर आहे, धरणेंद्र-पद्मावती आपल्या बस्तीत आहेत, मग नाग घरात असला तर काय बिघडलं? अगं, धरणेंद्र स्वतःहून आले. त्यांना टोपलीत घालून कोणी आणलं नव्हतं. जळत्या ओंडक्यातल्या नागयुगुलाबद्दल पार्श्वकुमारांना करुणा वाटली. त्यांनी ते युगुल पाळायला महालात नेलं, असं कुठल्या पुराणात वाचलंय का?

काचेच्या पेटीतला परदेशी साप

आता मुलांच्या खोलीवरचा साप. बहुतेक वेळा तो बॉल पायथन असतो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशातला हा छोटा अजगर. घाबरला की चेंडूसारखी गुंडाळी करून डोकं आत लपवतो, म्हणून हे नाव. मुलं म्हणतात, "बघ आई, किती शांत आहे!" आई, तो शांत नाही, भ्यालेला आहे.

हा जंगलातून धरलेला की बंदिवासात पैदा केलेला, हे ओळखायच्या काही खुणा जाणकार सांगतात. त्या समजून घ्या, म्हणजे मुलाला नीट प्रश्न विचारता येतील.

अंगावर खवल्यांच्या खाली, डोळ्यांच्या कडेला गोचिड किंवा गोचिडाचे व्रण असतील तर संशय घ्या. जुन्या जखमांचे वण, तुटलेलं शेपटीचं टोक, उंदराने चावल्याच्या खुणा असतील तरीही तेच. काचेवर सतत धडका देऊन नाकाडाची कातडी सोलवटलेली असते. रानातून आलेला साप आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने अन्नाला तोंड लावत नाही, कारण मेलेला, गोठवून कोमट केलेला उंदीर हे अन्न आहे हेच त्याला माहीत नसतं. प्राण्यांच्या डॉक्टरांनी विष्ठा तपासली तर पोटात जंत सापडतात. आणि विकणाऱ्याकडे फक्त मोठे साप आहेत, एका वेळची भावंडं नाहीत, अंड्यातून बाहेर आल्याची तारीख नाही, आईबाप दाखवता येत नाहीत, तर समजून जायचं.

पण यात एक मेख आहे. या खुणा दिसल्या तर साप रानातला आहे, असा बळकट संशय येतो. दिसल्या नाहीत तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. रानातला साप तीन-चार महिने ठेवला, जंतांचं औषध दिलं, गोचिड उपटले, दोन-तीनदा कात टाकू दिली की तो दुकानात चकचकीत दिसतो. अगदी लहान पिल्लू धरलं असेल तर त्याच्या अंगावर वण यायला वेळच मिळालेला नसतो. उलट बारीक काळे माइट दिसले म्हणून साप रानातला, असंही नाही. ते पिंजऱ्यातच जास्त फोफावतात. एक खूण त्यातल्या त्यात बरी. पांढरट-पिवळा, चट्टे नसलेला, चित्रविचित्र रंगांचा साप बहुधा पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासात जुळवून काढलेला असतो. पण त्याचीही वेगळी किंमत मोजलेली असते. ‘स्पायडर’ नावाच्या नक्षीच्या बॉल पायथनचं डोकं जन्मभर डुगडुगत राहतं. हा मज्जासंस्थेतला दोष त्या नक्षीच्या गुणसूत्राबरोबरच येतो. सुंदर दिसावा म्हणून आपण त्याला तसा जन्माला घातला.

म्हणून "अंग बघून कळतं" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. अंग बघून चोरी कधीकधी पकडता येते. पण अंग बघून कोणी साव ठरत नाही.

कागद काय सांगतो

"आई, माझ्याकडे पेपर आहेत," हे पुढचं उत्तर. बघूया पेपर.

वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी साइट्स नावाचा करार आहे. तो १९७५ मध्ये लागू झाला आणि भारत १९७६ पासून त्यात आहे. त्याच्या परवान्यावर प्राणी कुठून आला याचं एक अक्षर असतं. ‘डब्ल्यू’ म्हणजे रानातून धरलेला. ‘सी’ म्हणजे बंदिवासातल्या आईबापांपासून बंदिवासातच झालेला. ‘एफ’ म्हणजे बंदिवासात जन्मलेला, पण ‘सी’च्या अटीत न बसणारा. आणि ‘आर’ म्हणजे रानातून अंडी किंवा पिल्लं आणून वाढवलेला. आता मांडूळ आठवा. घाना, टोगो, बेनिन या देशांत वर्षानुवर्षं बिळं उकरून गाभण अजगर माद्या काढल्या जातात, त्यांची अंडी उबवली जातात आणि पिल्लं परदेशी रवाना होतात. ती पिल्लं ‘फार्मवर जन्मलेली’. बांधावरच्या खोक्याचंच हे मोठं रूप, विमानाने जाणारं.

आणि ‘सी’ लिहिलं म्हणजे तरी खरं का? इंडोनेशियात हिरवा अजगर रानातून धरून विकायला बंदी, बंदिवासात पैदा केलेला विकायला परवानगी. जेसिका लायन्स आणि डॅनियल नाटुश या दोन संशोधकांनी तिथल्या व्यापाऱ्यांचा माग काढला आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापला. ‘पैदास केंद्रातले’ म्हणून बाहेर जाणाऱ्या हिरव्या अजगरांपैकी निदान ८० टक्के रानातून धरलेले होते. केंद्र म्हणजे रानातला माल धुऊन स्वच्छ करायचा घाट. या दोघांनी उपायही सुचवला आणि तो कुठल्याही गृहिणीला पटेल असा साधा आहे. पिल्लू तुमच्याकडे अंड्यातून निघालं म्हणता ना, मग प्रत्येक पिल्लामागे त्याचं अंड्याचं कवच दाखवा! तोंडी ग्वाहीपेक्षा एक कवच जास्त बोलतं.

आपल्या देशातल्या कागदाचं बघू. जून २०२० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांसाठी सहा महिन्यांची स्वेच्छा-नोंदणी आणली. त्या मुदतीत प्राणी जाहीर करणाऱ्याला तो कुठून आणला याची कागदपत्रं मागितली जाणार नव्हती. नोंद व्हावी हा हेतू समजू शकते. पण त्या नोंदीचा अर्थ ‘हा प्राणी याच्याकडे आहे’ एवढाच आहे, ‘हा कुठून आला’ हा नाही. पुढे कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइट्सच्या यादीतले परदेशी प्राणीही कायद्याखाली आले. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी अशा प्राण्यांची परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची केली. चांगली गोष्ट आहे. मुलाकडे साप असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा, नोंद केलीस का? पण नोंदीला जन्मदाखला समजू नका.

कारण साप येतात कसे, हे डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर दिसलं. बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात महसूल गुप्तचर संचालनालयाला ११ साप सापडले, ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक. कुठे ठेवले होते? बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत! आफ्रिकेचा आणि अमेरिकेचा साप, बँकॉकमार्गे, बिस्किटाच्या पुड्यात. ज्या पुड्यावरचा हिरवा ठिपका आपण डोळ्यात तेल घालून बघतो, त्याच पुड्यात जिवंत जीव कोंबून आणला. असे न सापडलेले साप पुढे कोणाच्या तरी खोलीवर ‘ब्रीडरकडचे’ म्हणूनच पोचत असणार.

समजा, सगळं खरं निघालं

मुलगा हुशार आहे. त्याने आईबापांचे फोटो दाखवले, अंड्यातून निघाल्याची तारीख दाखवली, नोंदणीही दाखवली. साप खरोखर बंदिवासातला. हे रानातून धरलेल्यापेक्षा बरं आहे का? आहे. रान सोडवून आणलेल्या जिवाची तडफड नाही, वाटेत मेलेले दहा जीव त्याच्यामागे नाहीत. हे मान्य न करणं म्हणजे हट्ट होईल.

पण मग त्याला विचारा, हा खातो काय?

साप शाकाहारी होऊ शकत नाही. पनीर, दूध, डाळ-भात यातलं काहीही त्याला चालत नाही आणि तसा प्रयोग करणं हीसुद्धा हिंसाच. त्याला उंदीरच लागतो. महिन्याला दोन धरले तरी वर्षाला २४, आणि बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं जगतो. वीस वर्षांचे झाले ४८० उंदीर. प्रत्येक उंदीर कोणीतरी यासाठीच जन्माला घातलेला, यासाठीच मारलेला, गोठवलेला. आणि आपल्या मुलाने मागवलेला.

"आपल्या गल्लीतलं मांजर नाही उंदीर खात?" हा युक्तिवाद मी ऐकलाय. खातं. धामणही खाते. तो त्यांचा स्वभाव, त्यात त्यांचा दोष नाही आणि आपला हातही नाही. त्यांच्यासाठी आपण ऑर्डर देत नाही. कृत, कारित, अनुमोदना हे आपण पाठशाळेत पाठ केलं ना? स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि केल्याला मान डोलावलेली, तिन्ही आपल्याच खात्यात. गृहस्थाला चूल पेटवताना, शेती करताना, स्वतःचं रक्षण करताना घडणारी हिंसा पूर्ण टाळता येत नाही, हे शास्त्रानेही समजून घेतलंय. पण संकल्पी हिंसा, म्हणजे ठरवून, हौसेसाठी केलेली, तिथे सवलत नाही. ४८० उंदीर कुठल्या खात्यात मांडायचे ते तुम्हीच ठरवा. मला तरी एकच खातं दिसतं.

व्रत सापाने घेतलेलं नाही, आपण घेतलंय. म्हणून सापाला आपल्या घरात आणून त्याचं पोट आपल्या व्रतावर लादणं हे दोघांवरही अन्याय आहे.

आणि एक बाईच्या हिशोबाची गोष्ट. वीस-तीस वर्षं म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न, बदली, परदेश. साप कोण सांभाळणार? पेटी शेवटी आईच्याच माजघरात येते.

आणलाच असेल तर

ज्यांच्या मुलांनी आधीच साप आणलाय, त्यांना मी घरातून बाहेर काढा म्हणत नाही. उलट, ते तर अजिबात करू नका. दया म्हणून त्याला राधानगरीच्या जंगलात सोडायचा विचार डोक्यातून काढा. आफ्रिकेतल्या जिवाला इथलं रान हे रान नव्हे. तो भुकेने, थंडीने मरेल, नाहीतर इथल्या जिवांना रोग देईल. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत लोकांकडून सुटलेले आणि सोडलेले आशियाई अजगर इतके माजले की तिथली ससे-रॅकूनसारखी जनावरं दिसेनाशी झाली. ओढ्याची जिवाणी विहिरीत टाकायची नाही, हे आपल्या आज्यांना कळत होतं.

त्या सापाची नोंद करा. जाणकार डॉक्टरांना दाखवा. पेटी ऐसपैस, उबदार ठेवा, गर्दीत गळ्यात घालून फोटो काढू नका. त्याची जोडी आणून पिल्लं काढू नका, म्हणजे साखळी तिथेच तुटेल. आणि दुसरा आणू नका. जो आला त्याची जबाबदारी शेवटपर्यंत, जो आलेला नाही त्याला बोलावणं नाही.

ज्यांच्या घरात अजून फक्त हट्ट चालू आहे, त्यांच्यासाठी चार प्रश्न देते. फ्रिजवर चिकटवून ठेवा. याची आई कुठे आहे? अंड्याचं कवच किंवा जन्माची नोंद कोणी बघितली? हा काय खाणार आणि ते कोण मारणार? आणि तू नसशील तेव्हा हा कुठे परत जाणार?

पहिल्या दोन प्रश्नांना दुकानदार उत्तर देईल, कदाचित खरंही देईल. तिसऱ्याला मुलगा खाली बघेल. चौथ्याला कोणाकडेच उत्तर नाही, कारण बंदिवासात पैदा केलेल्या जिवाला परत जायला विहीरच ठेवलेली नाही. ‘त्याला जंगल माहीतच नाही’ हे मुलं समाधानाने सांगतात. मला तर ते सगळ्यात मोठं दुःख वाटतं.

मुलाला साप आवडतो ना? फार चांगलं. भिऊन ठेचणाऱ्या पिढीनंतर आवडणारी पिढी आली, याचा मला आनंद आहे. त्याला सुट्टीत गावाकडे आणा. पहिल्या पावसानंतर बांधावरून लांबून धामण दाखवा. विषारी कुठला, बिनविषारी कुठला हे जाणत्या सर्पमित्राकडून शिकू द्या. गोठ्यात नाग निघाला तर काठी न उचलता फोन उचलायला शिकवा. तोही साप जंगलातलाच असेल आणि जंगलातच राहील.

जय जिनेंद्र.